चोखोबाही भिंतीखालीच गेले होते

॥ राम कृष्ण हरी ॥

चि. सौ. ताईस,
अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रात्री फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, माझ्यासमोर देवाचं नाव काढू नका. तुम्ही जन्मभर एकादशी करताय, त्याचं हे फळ का?" आणि फोन ठेवून दिलास. तासाभरानं तुझा मेसेज आला, 'सॉरी अण्णा'. सॉरी कशाला म्हणायचं गं? हा प्रश्न आपल्या घरात याआधीही विचारला गेलाय, तोही तुझ्यापेक्षा कडक शब्दांत. मला फोनवर नीट बोलता येत नाही, गळा दाटून येतो आणि तुला वाटतं लाइन गेली. म्हणून कागद घेऊन बसलोय. तुझी आई तिकडे तुझ्याजवळ, इथं घरात मी एकटाच. जनावरांना वैरण टाकली, सोयाबीनवर ताडपत्री ओढली आणि लिहायला घेतलं.

आधी बाळाचं. तिसऱ्या दिवशी काचेतून पाहिली तेव्हापासून ती डोळ्यांसमोरून हलत नाही. 29 आठवड्यांतच जन्मलेली, 1 किलो 150 ग्रॅम. तिचा अख्खा पंजा माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. नाकाला श्वासासाठी हवा देणारी ती सीपॅपची नळी, पोटावर चिकटवलेल्या तारा आणि श्वास घेताना बरगड्यांखाली पडणारा खळगा. तिथल्या सिस्टर मला म्हणाल्या, "आजोबा, पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच, घाबरू नका." काल तुझ्या आईनं 1 किलो 40 सांगितलं तेव्हा ते बोलणं आठवून मी मन घट्ट केलं. दर दोन तासांनी दोन मिली दूध जातंय हेही तिनं सांगितलं. दोन मिली म्हणजे किती, ते मी घरातल्या औषधाच्या टोपणात पाणी घेऊन बघितलं. तेवढ्यासाठी तू रात्री-बेरात्री उठून पंप लावून बसतेस. ताई, सध्या तुझी सगळी पूजा तीच आहे. देव्हाऱ्यासमोर बसली नाहीस म्हणून काही बिघडत नाही.

आता जे सांगायचंय ते सांगतो. हे तुला मी कधीच नीट सांगितलं नाही.

तुला एवढंच ठाऊक आहे की 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यात तुझा धाकटा काका गेला. पुस्तकातही तेवढंच असतं, 52 गावं उद्ध्वस्त, हजारो माणसं गेली. भिंतीवर त्याचा फोटो आहे, दरवर्षी 30 तारखेला हार बदलतो, पण त्याच्याविषयी घरात कुणी बोलत नाही हे तू लहानपणापासून बघितलंस. एकदा तू आजीला विचारलंस, "काका कसा होता?" ती उठून गोठ्यात निघून गेली. त्यामागचं कारण असं.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मी बारावीला, धाकटा तेरा वर्षांचा. लेझीम, गुलाल, मिरवणूक, सगळं रात्री उशिरापर्यंत चाललं. विसर्जन झाल्यावर आम्ही पाच-सहा पोरं रिकाम्या मंडपातच सतरंजीवर आडवी झालो. धाकट्यालाही तिथंच झोपायचं होतं. तेवढ्यात माय कंदील घेऊन आली. "लेकरा, घरात चल. पहाटं गार सुटतंय, खोकला हाय तुला." तो "झोपू दे की माय" म्हणत राहिला. तिनं त्याला हाताला धरून उठवलं. मलाही म्हणाली, "तू बी चल." मी झोपेचं सोंग घेतलं.

ताई, मी त्या सोंगामुळं जिवंत आहे.

आपलं जुनं घर माळवदाचं होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर हातभर मातीचा थर. दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, गळू नये म्हणून वर पांढरी माती अंथरायची. तुझ्या आजोबांनी अंथरली, त्यांच्या वडिलांनी अंथरली, थर वाढत गेला. वैशाखातसुद्धा आत गारवा असायचा. त्या घराचा आम्हाला अभिमान होता. त्या पहाटे भिंतींतले गोटे निखळले आणि पिढ्यान् पिढ्यांची माती एकदम खाली आली. गावाच्या कडेला ज्यांची कुडाची खोपटं होती ती माणसं बहुतेक वाचली. वाड्यांतली दबली.

माय त्या वेळी उठून बाहेर गेली होती. आजोबांच्या अंगावर तुळई तिरकी अडकली, पाय मोडला, जीव राहिला. धाकटा सापडला तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. खोरं-फावडं सगळं मातीखाली, आम्ही हातांनीच उकरत होतो. आधी त्याचा हात दिसला. आदल्या दिवशीचा गुलाल तळहाताच्या रेषांत तसाच बसलेला होता. मी तो पदरानं पुसायला माझ्या मायला सांगितलं, का सांगितलं ते मला आजही कळत नाही. तिनं पुसला नाही. ती म्हणाली, "म्या त्याला आत नेलं."

पुढचे कितीतरी महिने ती हे एकच बोलत होती. भाकरी थापता थापता थांबायची आणि म्हणायची. झोपेत म्हणायची.

काल तुझी आई सांगत होती की तूही रात्री असंच बोलतेस. 'त्या आठवड्यात ऑफिसला गेले नसते तर', 'जिना चढले नसते तर'. डॉक्टरांनी तुला दोनदा समजावलं की यात तुझ्या हातून काही चुकलेलं नाही, तरी तुझं मन ऐकत नाही. ताई, मी ही वाट माझ्या आईला चालताना जवळून पाहिलीय. खोकला असलेल्या लेकराला तिनं उघड्यावरून घरात नेलं. जगातली कुठलीही आई हेच करेल. तरी तिनं स्वतःला सोडलं नाही. तू तुझ्यावर ती वेळ आणू नकोस. एवढं एक माझं ऐक, बाकी पटो न पटो.

तेव्हा माणसं काहीबाही बोलायची. कुणी म्हणे पाप फार झालं, कुणी म्हणे देव कोपला. तेरा वर्षांच्या पोरानं कुठलं पाप केलं होतं? जमीन हलली ती तिच्या पोटातल्या ताणानं. त्याच्या वर्षभर आधी, 1992 मध्येच जमिनीतून गुरगुर ऐकू यायची, उतरंडीची भांडी वाजायची. घरं बांधण्याची आपली रीत चुकीची होती आणि ते सांगायला कुणी आलं नाही. यात देवाच्या रागाचा काही संबंध नाही, असं मी तेव्हाही मानलं आणि आजही मानतो. म्हणून परवा तुला कुणी नातेवाइकांनी ग्रहशांतीचं नि नवसाचं सांगितलं, त्यांना मी फोन करून हात जोडून सांगितलंय, पोरीला आता काही सांगू नका. देवाला लाच लागत नाही. आणि अंगारा वगैरे कुणी दिला तर तो त्या काचेच्या आत अजिबात नेऊ नकोस. आत जाताना कोपरापर्यंत हात धुवायचे म्हटलंय ना, तेवढंच कर.

तर मायचं पुढं काय झालं ते ऐक.

भूकंपानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं गळ्यातली तुळशीची माळ काढली. लग्नाच्या आधीपासून घातलेली माळ. मदतीत पत्र्याचे तेलाचे डबे आले होते, त्यातल्या एका रिकाम्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. आजोबा बघत होते, काही बोलले नाहीत. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. तिथं लोकांनी चार पत्रे उभे करून विठ्ठलाचा फोटो ठेवला आणि संध्याकाळी हरिपाठ सुरू केला. कितीतरी घरांत मोजायलाच माणूस उरला नव्हता, पण टाळ उकरून काढले होते. मी जायचो. माय यायची नाही. पण हरिपाठाच्या वेळेला तिचं धान्य निवडायचं काम नेमकं त्या पत्र्यांच्या मागच्या बाजूला असायचं. पाठ करून बसायची, ऐकायची. मी तिला कधी विचारलं नाही.

कार्तिकी आली. भूकंपाला अजून दोन महिने झाले नव्हते. ती एकदम म्हणाली, "मला पंढरपूरला ने." मला वाटलं मन वळलं. लातूरहून तेव्हा बार्शी लाइटची छोटी गाडी होती, अरुंद रुळांची, कुर्डुवाडीवरून पंढरपूर करत मिरजेला जायची. डब्यात वारकऱ्यांची दाटी, भजन चाललेलं. बाया तिला म्हणाल्या, "माउली, म्हणा की." ती खिडकीबाहेर बघत बसली. गाडीत मला हळूच म्हणाली, "पाया पडायला चालले न्हाई म्या. इचारायला चालले."

दर्शनाची रांग किती लांब होती ते आता सांगून तुला खरं वाटणार नाही. पंढरपुरात देवाच्या पायांवर डोकं ठेवायला मिळतं, बडव्यापासून बिगाऱ्यापर्यंत सगळ्यांना. आमची पाळी आली. मायनं डोकं ठेवलं नाही. दोन्ही हातांनी ते पाय धरले, आणि वर तोंडाकडं बघून म्हणाली, "तुला बी माय असती तर कळलं असतं रं." एवढंच. मागची रांग पुढं रेटत होती, आम्ही बाहेर आलो.

मी थरथरत होतो. देवाला असं बोलतात का, असं वाटायचं वय होतं माझं. नंतर कळलं की आपल्या परंपरेत हे नवं नाही. जनाबाईनं त्याला 'विठ्या' म्हणून शिव्या घातल्यात आणि त्या शिव्या आपण सात शतकं टाळ-मृदंगावर गातोय. जो आपला असतो त्यालाच माणूस असं बोलतो. परक्याला आपण सॉरी म्हणतो.

बाहेर महाद्वारापाशी आलो. नामदेव पायरीच्या समोर चोखोबांची समाधी आहे, तू लहान असताना तिथं पायरीवर बसून केळं खाल्लेलं, तुला आठवतं का कोण जाणे. माय थकून तिथंच टेकली. म्हणाली, "ही कुणाची?" तिनं कितीदा तरी पाहिलेली समाधी. बहुतेक तिला काहीतरी बोलायचं होतं म्हणून विचारलं. मी कीर्तनात ऐकलेलं सांगू लागलो. चोखोबा मंगळवेढ्याचे, इथून पंचवीसेक किलोमीटरवर. 1338 साली तिथं गावकुसाचं काम चाललं होतं. मजुरांत चोखोबाही होते. भिंत कोसळली आणि सगळे तिच्याखाली गेले. नामदेवराय मागाहून तिथं पोचले. हाडं कुणाची ते कसं ओळखायचं? तर ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं परंपरा सांगते. ती आणून इथं समाधी बांधली, दाराच्या बाहेर. जिवंतपणी त्यांना आत येऊ दिलं नाही, मेल्यावरही जागा बाहेरच दिली. (त्या दारातून दलितांना आत जायला 1947 साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. आपण वारकरी म्हणवतो, त्या सगळ्यांनी याबद्दल मान खाली घालायला हवी.)

मी बोलत होतो आणि मध्येच जीभ अडखळली. भिंत कोसळली हे शब्द मी कुणासमोर बोलतोय ते तेव्हा लक्षात आलं.

माय म्हणाली, "ह्यो बी भिंतीखाली गेला?"

"व्हय."

"देवाचा एवढा लाडका असून?"

"व्हय, माय."

ती बराच वेळ गप्प होती. समाधीवर कुणीतरी वाहिलेला बुक्का वाऱ्यानं उडत होता. मग म्हणाली, "म्हंजी देवाला बी सगळं थांबवता येत नसंल." आणि थोड्या वेळानं, "पर ह्यानं नाव सोडलं न्हाई. हाडानं बी सोडलं न्हाई."

आणि मग ती रडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. अशी रडली की येणारी-जाणारी माणसं थांबली. कुठल्या गावची कोण बाई, डोक्यावर तुळस घेतलेली, तिनं तुळस खाली ठेवली आणि मायला मिठीत घेऊन बसली. काय झालं, कुणाचं झालं, काही विचारलं नाही. मायचं रडं ओसरल्यावर तिनं आपल्या गडव्यातलं पाणी पाजलं, तुळस उचलली आणि गर्दीत गेली. तिचं नाव मला माहीत नाही. 'तुझ्या देवानं काय केलं' असं जेव्हा जेव्हा मला कुणी विचारतं, तेव्हा मला ती बाई आठवते.

देवाला सगळं थांबवता येतं की नाही, मायचं म्हणणं बरोबर की चूक, हे मला ठरवता येत नाही. एका कीर्तनकार महाराजांना मी हे सगळं सांगून विचारलं होतं. ते नुसते गप्प बसले, मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. उत्तर असतं तर त्यांनी दिलं असतं. तेव्हापासून त्यांच्याविषयी माझा आदर वाढला.

तू असं समजू नकोस की त्या दिवसापासून सगळं ठीक झालं. माय घरी आली, माळ डब्यातच राहिली. आम्हाला नव्या गावात घर मिळालं. जमिनीच्या हिशेबानं 250, 400 नि 750 चौरस फुटांची घरं होती, आपल्या वाट्याला 400 चं आलं. तू जन्मलीस त्याच घरात तिनं तुला न्हाऊ-माखू घातलं. माळ डब्यातच. मग एका श्रावणात, तू रांगत होतीस तेव्हा, ती शेंगांसाठी डबा रिकामा करायला गेली आणि माळ बाहेर काढली. दोरा उंदरानं कुरतडला होता. ओट्यावर सुपात मणी घेऊन ती ओवायला बसली, तू सुपात हात घालत होतीस. मोजले तर 106 भरले. मला म्हणाली, "बाजारातून दोन मणी आण." आणले. नवे मणी फिके, जुने काळपट, वेगळे कळून यायचे. ओवून झाल्यावर गळ्यात घातली आणि भाकरी करायला उठली. सात वर्षांनी की किती, मी हिशेब केला नाही. कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत ती माळ तिच्या गळ्यात होती. पण 30 सप्टेंबरला ती कधीही देवापुढं दिवा लावायची नाही. तो एक दिवस तिनं रागासाठी राखून ठेवला होता.

मी माझ्या मनाशी जे समजलोय ते असं. बारावीपर्यंत मला वाटायचं की आपण एकादशी धरायची, वारी करायची, त्यानं आपलं घर राखायचं. हा हिशेब त्या पहाटे कायमचा बुडाला. बरं झालं बुडाला. त्यानंतर जे उरलं त्याला मी भरवसा म्हणतो. रात्री तीन वाजता छातीवर दगड येऊन बसतो, तेव्हा बायकोला उठवता येत नाही, लेकराला सांगता येत नाही, पण त्याला सांगता येतं. त्याच्यावर भार टाकून माणूस दोन तास झोपू शकतो आणि सकाळी उठून जनावरांचं शेण काढू शकतो. मला त्यानं आजवर एवढंच दिलंय, आणि मी खरं सांगतो ताई, एवढ्यावर माझं आयुष्य चाललंय. कर्ज झालं तेव्हा, बोअर कोरडी गेली तेव्हा, माय गेली तेव्हा.

तुकोबांचं बघ ना. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात दुकान बुडालं, अब्रू गेली, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, पोरगा गेला. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय, लपवलं नाही. आणि त्यानंतर त्यांनी पहिलं काय केलं? देहूचं पडलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. ज्यानं आपलं घर वाचवलं नाही, त्याचं घर बांधायला घेतलं! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेडमधले ते चार पत्रे आठवले. माणसाला स्वतःचं छप्पर नव्हतं आणि आधी त्याचं उभं केलं. यामागं काय असतं ते मला शब्दांत सांगता येत नाही, पण मी ते पत्रे धरून उभा होतो, खिळे ठोकताना.

म्हणून मी तुला 'देव सगळं चांगलं करेल' असं सांगणार नाही. ते मला माहीत नाही. मी सकाळ-संध्याकाळ त्याच्यापाशी हट्ट धरून बसलोय हे खरं, की पोरीला वाचव. मागायचं सोडत नाही. पण तुला खोटं आश्वासन देऊन उद्या तुझ्या डोळ्यांत बघायची हिंमत मला होणार नाही. मला ठाऊक आहे ते इतकंच की त्या पेटीत तिच्या उशाशी कुणीतरी आहे. कधी ते सिस्टरच्या हातांनी असतं, कधी तुझ्या दुधानं. आणि ते नसतं तर चोखोबांच्या हाडांनी कुणाचं नाव घेतलं असतं?

तुला आत्ता हे पटत नसेल तर सोडून दे. राग धर. तुझ्या आजीनं सात वर्षं धरला, त्यानं तिचं काही अडलं नाही, आणि विठोबाचंही. नाव घ्यायचं नसेल तर घेऊ नकोस, मी घेतो तुझ्या वाटचं. घरातल्या एकानं घेतलं तरी चालतं.

डॉक्टर म्हणाले की बाळ जरा स्थिर झालं की कांगारू पद्धतीनं तुझ्या छातीशी उघडं धरायला देतील. मी त्याविषयी मोबाइलवर वाचलं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978-79 च्या सुमाराला पेट्या कमी पडायच्या, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी लेकरं आयांच्या छातीशी बांधायला दिली, आणि ती त्या उबेवर वाढली. वाचून मला भरून आलं. जितका वेळ देतील तितका वेळ धर. अवघडून गेलीस तरी हलू नकोस. जावईबापूंनाही धरू देतात म्हणे, त्यांनाही सांग, त्यांची छाती काही कमी उबेची नाही. ते तुझ्यासमोर रडत नाहीत, पण परवा लिफ्टपाशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांना रागावू नकोस. जेवलेत का विचारत जा.

पैशाची काळजी करू नकोस. सोयाबीन डागी झालंय पण जे येईल ते येईल, आणि खालच्या शेताचं मी बघून ठेवलंय. यावर फोनवर वाद घालायचा नाही.

मी गुरुवारी रात्रीच्या गाडीनं निघतो, शुक्रवारी सकाळी पुण्यात. शेजारचे जनावरं बघणार आहेत. अळिवाचे लाडू वहिनीनं करून दिलेत, त्यानं दूध वाढतं म्हणतात, रोज एक खा, नको म्हणू नकोस. ज्वारीचं पीठ आणतोय, तुझ्या आईला तिकडची भाकरी गोड लागत नाही. माळ आणत नाही. ती आजीच्या खुंटीला आहे, दोन फिके मणी अजून ओळखू येतात. तुला कधी हवीशी वाटली तर सांग.

सिस्टरना विचारून ठेव, आजोबाला आत सोडतात का. नियमात बसत नसेल तर हट्ट करू नकोस. मी बाहेर दारापाशी बसेन.

तुझाच,
अण्णा